नावाचा ठराव

समितीचे पत्र लहान होते. सात विद्वान गृहस्थांनी दोन दिवस बसून असे ठरविले होते की, पावरी भाषेत जे ख्रिस्ती शास्त्राचे भाषांतर चालू आहे, त्यात मूळ इब्री ग्रंथात जेथे जेथे देवाचे स्वतःचे नाव आले असेल, तेथे तेथे ते न लिहिता 'प्रभू' असे लिहावे. कारणे तीन होती. एक, यहुदी लोक स्वतःच ते नाव उच्चारीत नाहीत. दोन, त्याचा मूळ उच्चार काय होता, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि तीन, डोंगरातील लोक आधीच पुष्कळ देवांची नावे घेतात. त्यांच्या हाती आणखी एक नाव दिल्यास ते त्याला त्याच रांगेत नेऊन बसवतील. पत्राखाली सह्या होत्या. सातही जणांनी आपापली नावे पूर्ण, पदव्यांसकट लिहिली होती.

सुरुपसिंगने पत्र दोनदा वाचले आणि घडी घालून दौतीखाली ठेवले. म्हसावदहून सातपुड्याकडे जाणाऱ्या गाडवाटेवर मिशनचा बंगला होता. त्याच्या मागच्या पडवीत बसून तो चार वर्षे हे भाषांतर करीत होता. त्याआधी मिशनने त्याला उत्तरेकडील एका विद्यालयात तीन वर्षे ठेवले होते, आणि तेथे एका म्हाताऱ्या, खोकल्याने पोखरलेल्या अध्यापकाने त्याला इब्री शिकविली होती. पावऱ्याच्या पाड्यात जन्मलेला माणूस इब्री वाचतो, ही गोष्ट मिशनच्या अहवालात दर साल छापली जाई. तो काय वाचतो, हे मात्र अद्याप कोणी विचारले नव्हते.

त्याने वाचले होते ते असे. जुन्या करारात त्या नावाची चार अक्षरे जवळजवळ सात हजार वेळा येतात. ग्रंथातील दुसरे कोणतेही नाव, कोणत्याही राजाचे वा संदेष्ट्याचे, त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. जळत्या झुडपातून बोलणाऱ्याने स्वतः सांगितले होते की हे माझे कायमचे नाव, पिढ्यान्‌पिढ्या मला याच नावाने ओळखावे. आता त्या बोलणाऱ्याला एवढेच कळवायचे राहिले होते की, ठराव एकमताने संमत झाला आहे.

इतक्यात बंगल्याचा गाडीवान वाहरू पायऱ्यांशी आला. तो म्हसावदचाच, बाप्तिस्मा घेऊन सहा वर्षे झालेला, आणि वाईट बातमी सांगताना डोक्यावरची टोपी काढणारा. त्याने टोपी काढली.

"मास्तर, पाडावरतून सांगावा उना. तुमनी माय काही धड नही. बलाई ऱ्हायनी तुमले."

"काय म्हणाली?"

"दिवलीजोडे ठेवा म्हने मले. आजून काहीच नही."

दिवलीजोडे, म्हणजे दिवलीच्या शेजारी. दिवली ही सुरुपसिंगची मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी तिची आई सरलाबाई गेली, तेव्हा सुरुपसिंगची आई कालीबाई हिने त्या पोरीला पाड्यावर नेऊन आपण राखलेल्या शेळ्यांच्या दुधावर वाढविले. सात वर्षांची झाल्यावर तो तिला शाळेसाठी खाली घेऊन आला. आठव्या वर्षी पटकीने तिला नेले आणि मिशनच्या कुंपणातल्या स्मशानभूमीत, सरलाबाईच्या शेजारी, तिला माती दिली. कालीबाई तेव्हा डोंगर उतरून आली आणि तीन दिवस कुंपणाच्या बाहेर बसून राहिली. आत ये, असे तिला कोणी म्हटले नाही, कारण ती त्या धर्माची नव्हती. आत जाऊ का, असे तिनेही विचारले नाही.

मिशनचे पाद्री लिंडाल साहेब बागेत उभे होते. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. तसे असते तर सगळे सोपे झाले असते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आत जाऊन औषधाची बाटली आणली आणि मग सुरुपसिंगला हळू आवाजात म्हणाले, "शमुवेल, नियम तुला ठाऊक आहे. बाप्तिस्मा झालेला नसेल, तर शेवटच्या घटकेस त्या माणसाने प्रभूचे नाव घेऊन हाक मारली पाहिजे आणि दोन विश्वासणाऱ्यांनी ती ऐकली पाहिजे. शास्त्रच सांगते, जो त्याचे नाव घेऊन धावा करील तो तरेल. तू आणि वाहरू, दोन झाले. तेवढे झाले तर दिवलीच्या शेजारची जागा तिची."

"साहेब, कोणते नाव?"

साहेबांना हा प्रश्न वाटलाच नाही. "प्रभू," ते म्हणाले. "आणि हो, समितीचे पत्र पाहिलेस ना? त्याखाली 'वाचले, मान्य' म्हणून सही करून दे. लेखी काय, तोंडी काय, त्याप्रमाणेच चालायचे. आजच्या टपालाने परत पाठवायचे आहे."

बाटली साहेबांच्या हातात होती. जागाही त्यांच्याच हातात होती. सुरुपसिंगने पडवीत जाऊन पत्रावर 'वाचले, मान्य' असे लिहिले आणि खाली मिशनने दिलेले नाव घातले: शमुवेल.

दोघे चढू लागले तेव्हा ऊन कोवळे होते. वाहरू मागून चालत होता आणि बोलत होता. आईने 'प्रभू' एवढे म्हणायला कितीसा वेळ लागतो, दोनच तर अक्षरे, त्याची स्वतःची आजी तर मरताना बैलाचे नाव घेत होती, असे त्याचे चालले होते. सुरुपसिंगच्या डोक्यात त्या जुन्या यहुदी शास्त्र्यांची एक लांबच लांब रांग उभी होती. पोथी वाचताना नावापाशी आले की ते जीभ आवरत आणि त्याच्या जागी 'माझा स्वामी' म्हणत. शतकानुशतके त्यांनी तसे केले आणि अखेर नाव कागदावर राहिले, तोंडातून गेले. विद्यालयात असल्यापासून तो त्या लोकांना एकच शब्द लावीत आला होता: चोर. आदराने चोरी करणारे चोर, आणि म्हणून कधीही न सापडणारे.

झोपडीच्या दाराशी त्याच्या थोरल्या भावाची विधवा फुलवंताबाई उखळाशी बसली होती. तिने आत बोट दाखविले. आत कालीबाई खाटेवर होती, अगदी लहान झालेली. पायथ्याशी तिचा भाऊ बाज्या बसला होता. तो पाड्याचा पुजारा. सुरुपसिंगच्या हातातली बाटली पाहून तो म्हणाला, "आला का भाचा! आणि देव बाटलीत भरून आणलास वाटतं खालून?"

"औषध आहे, मामा."

"मग ठीक. देव असता तर मी वास घेऊन बघितला असता, चांगला उतरलाय का."

कालीबाई हसली आणि त्या हसण्यानेच तिला धाप लागली. श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "साहेबाने सोडलं तुला?"

"सोडलं, आय."

"मला दिवलीपाशी ठेवशील?"

सुरुपसिंग खाटेजवळ बसला. "ठेवीन. पण तू एकदा प्रभूला हाक मारली पाहिजेस. आम्हां दोघांना ऐकू जाईल अशी."

"तो कोण?"

"मालक. सगळ्यांचा."

"मालक तर रेंजरही आहे," कालीबाई म्हणाली. "मोळी धरली की म्हणतो, मला मालक म्हण. पण त्याचं नाव मला ठाऊक आहे. नाव घेऊन शिव्या देते मी त्याला, तो वळला की." ती थांबली. "याचं नाव काय?"

वाहरूने सुरुपसिंगकडे पाहिले.

"प्रभू असंच म्हणतात त्याला," सुरुपसिंग म्हणाला. आपला आवाज त्याला स्वतःलाच टपालातून आल्यासारखा वाटला.

बाज्याने मान हलविली. "हे बघ भाच्या. मी मोहाच्या दारूची धार सोडतो, तेव्हा काय करतो? राजा पांठा म्हणतो, एक थेंब. गांडा ठाकूर म्हणतो, एक थेंब. राणी काजल म्हणतो, एक थेंब. नुसतं 'देवांनो, या' म्हटलं तर कोण येईल? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील, दुसरा कुणी उठतोय का म्हणून."

"मामा, आमचा एकच आहे."

"मग तर सोपं. एकच नाव पाठ करायचं. तेही येत नाही तुला?"

कालीबाईने हात वर केला आणि दोघे गप्प झाले. तिचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "पोरगी देताना आपण काय विचारतो, सुरुप? गाव कोणतं, कूळ कोणतं, घरधन्याचं नाव काय. तू माझी दिवली दिलीस. कुणाच्या घरी दिलीस, हे मी आजवर विचारलं नाही. म्हटलं, पोरगा शिकलेला आहे, बघून दिली असेल. आता मला जायचंय तिच्याकडे. दारात उभं राहून काय विचारू? 'मालक' कुठे राहतात?"

सुरुपसिंगने मान खाली घातली. जळत्या झुडपापुढे मोशेनेही हेच विचारले होते. लोक मला विचारतील त्याचे नाव काय, तर मी काय सांगू? हा प्रश्न एका पळून आलेल्या गुराख्याला पडला, आणि आज एका मरणाऱ्या गुराखिणीला. मधल्या तीन हजार वर्षांत तो ज्यांना पडला नाही, अशा सात गृहस्थांच्या पत्राखाली सकाळी त्याने सही केली होती.

"आय," तो म्हणाला, "ऐक. एक माणूस होता, मेंढ्या चारणारा. डोंगरात त्याला एक झुडूप जळताना दिसलं. जळत होतं, पण जळून जात नव्हतं."

"पळसासारखं," बाज्या म्हणाला.

"त्यातून कुणी बोललं. म्हणालं, माझी माणसं वेठीला धरली आहेत, त्यांचं रडणं मी ऐकलं, तू जा. माणूस म्हणाला, जातो, पण ते नाव विचारतील तुझं. तेव्हा त्याने नाव लपवलं नाही. आधी अर्थ सांगितला: मी आहे, मी असेन, जिथे तुम्ही जाल तिथे मी असेन. आणि मग नाव सांगितलं."

"मास्तर," वाहरू पुटपुटला, "साहेबनी सांगेल शे ना..."

"बाहेर जायचं तर जा, वाहरू."

वाहरू गेला नाही. टोपी हातात घेऊन तो दारातच उभा राहिला.

"यहोवा," सुरुपसिंग म्हणाला. "त्याचं नाव यहोवा, आय."

कालीबाई छपराकडे पाहत होती. "असतो, म्हणतोस," ती म्हणाली. "रेंजर बदलतो. साहेब रजेवर जातो. तुझा बाप गेला. हा असतो?"

"असतो."

"दिवलीपाशी आहे?"

"आहे."

तेव्हा कालीबाईने एक गोष्ट केली. तिचा हात लुगड्याच्या काठाशी गेला. बोटांत जोर नव्हता, तरी तो काठ तिने हळूहळू डोक्यावरून पुढे ओढला, कपाळापर्यंत, सासऱ्याच्या समोर सून ओढते तसा. फुलवंताबाई दारातून पाहत होती. तिला ते लगेच कळले आणि नकळत तिचाही हात स्वतःच्या पदराकडे गेला.

"माय, आते ल्या नाव," वाहरू म्हणाला. "एकडाव ल्या, मी आयकी ऱ्हायनू."

कालीबाईने काठ तसाच धरून ठेवला.

"आय," सुरुपसिंग तिच्या कानाशी वाकला. "एकदाच. तेवढंच पुरे आहे. दिवलीशेजारची जागा आहे."

"वेडा आहेस," काठाच्या आडून ती म्हणाली. "तुझ्या बापाचं नाव कधी ऐकलंस माझ्या तोंडून?"

ऐकले नव्हते. चाळीस वर्षे ती त्याला 'सुरुपचा बा' म्हणत आली होती. जंगलखात्याच्या कारकुनाने नवऱ्याचे नाव विचारले तेव्हा तिने शेजारणीला पुढे केले होते. त्या पाड्यातली कोणतीही बाई तेच करी.

"हा नवरा नाही, आय."

"घरधनी आहे ना? ज्याच्या घरी जायचं, ज्याचं अन्न खायचं, त्याचं नाव तोंडावर घेतात का? मला हवं होतं म्हणून तू सांगितलंस. बरं केलंस. आता ते माझ्यापाशी आहे."

तो विनवीत राहिला. त्याने नियम समजावून सांगितला, साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, शेवटी तो रडलाही. ती त्याच्या हातावर थोपटत राहिली, जणू त्यालाच कुठे दूर जायचे होते. दुपार ओसरताना तिने एकदा स्पष्ट आवाजात हाक मारली. छपराकडे पाहून नव्हे, दाराकडे पाहून. "दिवलीच्या घरधन्या, येते रे मी." मग ती गेली.

बाज्याने आडकाठी केली नाही. तिने सांगितले तसे करा, एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी खाट खांद्यावर घेतली आणि मागे फुलवंताबाई निघाली. उतारावर वाहरू सुरुपसिंगच्या जवळ आला.

"मास्तर, साहेबले सांगी दिऊत, नाव लिधं म्हनीसन. मरेल मानूसना बारामा इतलं खोटं चालस. देवबी आयकीसन गप ऱ्हास."

खाट पुढे डुलत होती आणि सुरुपसिंगला ती जुनी रांग पुन्हा दिसत होती. पण आता त्या रांगेच्या अगदी टोकाला, सगळ्या शास्त्र्यांच्या आधी, कोणी एक बाई डोक्यावर काठ ओढून बसलेली होती. तिला चोर म्हणता येईना. तिला नाव सांगितले गेले होते. ते तिच्यापाशी होते आणि म्हणून तिने ते झाकले. समितीने जे झाकले होते, ते अजून कुणाला दिलेच नव्हते. हा फरक त्याला लख्ख दिसला. तो कुणाच्या तरी तोंडावर सांगावा, एवढा संताप त्याच्यात होता, आणि बंगल्याशी पोचल्यावर सांगायला समोर लिंडाल साहेब होते, हातात वही घेऊन.

खाट गाडीच्या छपरीत ठेवली होती. फुलवंताबाई माश्या वारीत होती.

"तिने हाक मारली?" साहेबांनी विचारले.

"मारली."

"प्रभूचे नाव घेऊन?"

वाहरूने खाकरून सुरुवात केली, पण सुरुपसिंगने त्याला हाताने थांबविले. "नाही साहेब. ती म्हणाली, 'दिवलीच्या घरधन्या, येते मी.' नाव तिला ठाऊक होते. म्हणूनच तिने ते घेतले नाही."

नाव तिला ठाऊक कसे झाले, हे साहेबांनी विचारले नाही. ते क्षणभर विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. मदत करायची वाट सापडली की त्यांचा चेहरा असाच उजळे. "घरधनी म्हणजे काय, शमुवेल? मालक. आणि मालक म्हणजे प्रभू. तिने आपल्या भाषेत तेच म्हटले! मी लिहितो, 'शेवटच्या घटकेस प्रभूचे नाव घेऊन हाक मारली.' तुम्ही दोघे सह्या करा."

"साहेब, ते नाव नव्हे. तो हुद्दा आहे."

"तुझ्या आईला आत घ्यायचे आहे ना?"

साहेबांच्या स्वरात धमकी नव्हती. त्यांना खरोखरच तिला आत घ्यायचे होते. छपरीत फुलवंताबाईने मयताच्या तोंडावरचा काठ सरकला होता तो नीट केला. सुरुपसिंगने लेखणी घेतली. आयुष्यात एकाच विषयात तो कुणापुढे वाकला नव्हता. त्या विषयावर त्याने दोन दिवसांत दुसऱ्यांदा सही केली. वाहरूने अंगठा दिला. कालीबाईला दिवलीच्या शेजारी माती मिळाली.

माघ महिन्यात खांडबाऱ्याला मिशनची वार्षिक सभा भरली. समितीचे सातही गृहस्थ गाडीने आले. सुरुपसिंगने त्या नावावर चौदा पानांचा निबंध लिहून आणला होता, मूळ वचनांच्या आधारांसह. ठराव फिरवावा, अशी विनंती तो करणार होता.

सभेपुढे आधी दुसरे एक प्रकरण आले. दुसऱ्या एका ठाण्यावर एका म्हाताऱ्याच्या शेवटच्या शब्दांबद्दल दिलेली साक्ष खोटी ठरली होती. त्याची माती उकरून कुंपणाबाहेर नेण्यात आली, हे योग्यच झाले, असा निर्णय झाला. तीन मिनिटे लागली.

मग चिटणीस उठले. पुण्याकडचे, गोरेपान, शुद्ध उच्चारांचे. भाषांतरविषयक ठरावाबद्दल काही मंडळींना शंका आहे असे ऐकतो, ते म्हणाले, तरी डोंगरातूनच आलेला एक पुरावा सभेपुढे ठेवतो. आणि त्यांनी लिंडाल साहेबांच्या वहीतली नोंद वाचून दाखविली. निरक्षर पावरा स्त्रीने, कोणी न शिकविता, अंतकाळी 'प्रभू' याच नावाने हाक मारली. यावरून डोंगरी लोकांची धार्मिक गरज या शब्दाने पूर्ण भागते, हे सिद्ध होते. "साक्षीदार येथे हजर आहेत. तिचे चिरंजीव. मास्तर, हे खरे आहे ना?"

सुरुपसिंग उभा राहिला. निबंधाची गुंडाळी त्याच्या हातात होती. 'नाही' म्हणायला एक श्वास पुरला असता. पण त्या श्वासाच्या पलीकडे म्हसावदच्या वाटेवरचे एक कुंपण होते, कुदळी होत्या आणि तीन मिनिटांचा एक निर्णय होता.

"खरे आहे," तो म्हणाला.

सभेने समाधान व्यक्त केले. कोणी टाळीही वाजविली. चिटणीस मांडलेल्या कागदावर लिहू लागले. "छान. हे अहवालात जाईल. 'एका वृद्ध डोंगरी स्त्रीने'..."

"कालीबाई," सुरुपसिंग म्हणाला.

"काय?"

"तिचे नाव. कालीबाई."

"हो हो. पण अहवालात नावाचे तसे प्रयोजन नसते, मास्तर. 'एक वृद्ध स्त्री' म्हटले की वाचणाऱ्याला पुरते."

"लिहा."

चिटणीसांनी लिंडाल साहेबांकडे पाहिले, आणि साहेबांनी आपल्या बुटांकडे. बाहेर रुळांवर सुरतेकडची गाडी येऊन थांबली होती आणि सभेतले दोघेतिघे घड्याळ पाहू लागले होते.

"बसा, मास्तर," चिटणीस सौम्यपणे म्हणाले.

सुरुपसिंग बसला नाही. "मी सांगतो तसे लिहा," तो म्हणाला, आणि सावकाश, शाळेत पोरांना शुद्धलेखन सांगावे तसा, एकेक अक्षर सुटे करून त्याने तिचे नाव पुन्हा सांगायला सुरुवात केली.